बाटलीवर एक, बाटलीत दुसरंच: बनावट मालाकडे डोळेझाक करून शाश्वत शेती होईल का?

निफाडचा बागायतदार (धागा सुरू करणारा)

आमच्या भागात शाश्वत शेतीवर बोलायला माणसं वरचेवर येतात. माती जपा, रासायनिक फवारण्या कमी करा, जैविककडे वळा. म्हणणं पटतं, आणि बरेच जण वळलेही आहेत. पण बाटलीवर जे छापलंय तेच बाटलीत आहे का, हा विषय कुणी काढत नाही. माझं मत असं की बनावट मालाचा सगळ्यात मोठा फटका चांगल्या मार्गाला लागलेल्यालाच बसतो. जहाल औषध मारणाऱ्याला कीड मेली की नाही ते डोळ्यांनी दिसतं. विष कमी करू पाहणाऱ्याच्या हातात लेबलाशिवाय दुसरा आधार नसतो.

द्राक्षाचं सांगतो. निर्यातीची बाग ग्रेपनेटवर, म्हणजे द्राक्ष निर्यातीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, नोंदवायची, ऑक्टोबर छाटणीपासून प्रत्येक फवारणी वहीत उतरवायची, काढणीआधी कुठलं औषध किती दिवस बंद ठेवायचं ते पाळायचं. मग प्रयोगशाळेचा माणूस बागेतून नमुना नेतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाच्या अंशापायी युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हापासून रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश) म्हटलं की नाशिक-सांगलीत पोटात गोळा येतो. त्यामुळे काढणी तोंडावर असताना थ्रिप्स (फुलकिडे) दिसले की माणूस साहजिकच वनस्पतिजन्य, 'शून्य रेसिड्यू' लिहिलेली बाटली आणतो. निंबोळीचं खरं औषध सावकाश काम करतं. किडीचं खाणं कमी होतं, वाढ अडते, काही दिवस जातात. ही बाटली मात्र संध्याकाळी मारली की सकाळी पानावर थ्रिप्स औषधालाही सापडत नाही. शेतकरी खूश, शेजाऱ्यालाही नाव सांगतो. रिपोर्ट येतो तेव्हा वहीत कुठेच नसलेला रासायनिक घटक त्यात निघतो, कारण जैविकच्या नावाखाली आत रसायन घातलेलं असतं. माझ्या एका प्लॉटचा माल असाच निर्यातीतून बाहेर पडला आणि लोकल भावानं द्यावा लागला. दुकानातून पक्कं बिल मिळालं नव्हतं, त्यामुळे तक्रारीला कागदच नाही.

दुसरा प्रकार उलटा. लेबल नामांकित कंपनीचं आणि आत घटक निम्माही नाही. कीड अर्धवट मरते, जी तगते तिची पुढची पिढी त्या औषधाला दाद देत नाही. मग मात्रा वाढते, फवारण्या वाढतात, मित्रकीटक मरतात, उधारी चढते. फिक्की या उद्योजकांच्या संघटनेच्या २०१५ च्या अहवालात देशातल्या कीटकनाशकांच्या बाजारात मूल्याच्या हिशेबानं सुमारे पाव हिस्सा बनावट धरला होता. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली. त्यातल्या बाराव्यात रसायनांचा सुरक्षित वापर येतो. बाटलीत काय आहे हेच माहीत नसेल तर सुरक्षित वापर करायचा कशाचा?

बनावट निविष्ठा (बियाणं, खतं, औषधं) बनवणं आणि विकणं हा अजामीनपात्र गुन्हा व्हावा, असं माझं मत आहे. विरोधी मत असेल तर कारणासकट मांडा.

कपाशीवाला, अकोट

दादा, तुमचं दुखणं खरं आहे, पण मागणी घातक आहे. 'बनावट' या एका शब्दाखाली सरकार आणि कंपन्या दोन वेगळ्या गोष्टी कोंबतात. एक म्हणजे फसवणूक. दुसरी म्हणजे परवानगी नसलेली पण शेतकऱ्याला हवी असलेली वस्तू. २००१ मध्ये गुजरातेत नवभारत १५१ नावाचं कपाशीचं वाण हजारो एकरांवर सापडलं. त्यात बोंडअळीला मारणारं बीटी जनुक होतं आणि परवानगी नव्हती. सरकार पीक उपटून जाळायला निघालं होतं. पुढच्याच वर्षी, मार्च २००२ मध्ये, त्याच जनुकाच्या बीटी कपाशीला रीतसर मान्यता मिळाली. काल गुन्हा होता तो आज विकास झाला.

आमच्या तालुक्यात अकोली जहांगीरला जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेनं तणनाशक सहन करणारी कपाशी जाहीरपणे लावली. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून लोक हे विनापरवाना बियाणं, म्हणजे चोर बीटी, घेतात. अजामीनपात्र कलम आलं की आधी आमची पोरं आत जातील. आणि तो पाव हिश्श्याचा आकडा उद्योजकांच्या संघटनेनं काढलेला आहे. त्यांचा माल कमी खपतो हे त्यांचं दुःख. त्याला शाश्वत विकासाचं नाव देऊ नका.

निफाडचा बागायतदार

भाऊ, दोन्हींत फरक आहे हे मान्य. चोर बीटी लावणाऱ्या शेतकऱ्याला आत टाकावं असं मी म्हणत नाही. पण गुजरात-तेलंगणाकडून येणाऱ्या त्या पाकिटावर ना लॉट नंबर, ना बिल. उगवलं नाही तर दाद कुठे मागणार? चोर बीटीच्या नावावर साधं सरकीचं बी खपवणारेही तुमच्याच भागात आहेत. बंदीमुळे काळा बाजार तयार होतो हे खरं असलं, तरी त्या बाजारात लुटला जातो तो शेतकरीच. मान्यतेसाठी सरकारशी भांडा, मी सोबत येईन. फसवणाऱ्याला मात्र त्या भांडणाच्या आड लपू देऊ नका.

कृषी सेवा केंद्र, परभणी

काउंटरच्या या बाजूनं बोलतो. २०२० च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवलं नाही, हजारो तक्रारी झाल्या, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ती पिशवी आमच्याकडे शिलाई आणि टॅगसकट येते. आम्ही उघडून बघायची तर ती विकता येत नाही. तरी पंचनामा शेतात झाला की लोक आधी दुकानावर येतात. २०२३ मध्ये सरकारनं बनावट निविष्ठांविरुद्ध पाच विधेयकं मांडली. त्यातल्या एकानं तर आम्हाला झोपडपट्टी दादांच्या, म्हणजे गुंडांना स्थानबद्ध करायच्या कायद्यात घालायचं ठरवलं. तेव्हा राज्यभर दुकानं बंद ठेवून आम्ही विरोध केला, आणि पुन्हा करू.

वर जो बिलाचा मुद्दा आला त्यात तथ्य आहे. पण हंगामभर उधारीवर माल नेणारा शेतकरीही बिल मागत नाही. आणि लिंकिंगबद्दल कुणी का बोलत नाही? युरिया हवा असेल तर सोबत ही दोन खोकी घ्या, असं वरून सांगितलं जातं. त्या खोक्यांत टॉनिक, पीजीआर (वाढ नियंत्रक), काय वाट्टेल ते असतं. जैव उत्तेजकं, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी अशी द्रव्यं, खत नियंत्रण आदेशाखाली आली ती २०२१ मध्ये. तोवर त्या बाटल्यांना विचारणारं कुणी नव्हतं. ती खोकी मी विकली नाहीत तर माझे पैसे अडकतात, विकली तर मी बोगस ठरतो.

बियाणे कायदा १९६६ चा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड ५०० रुपयांपर्यंत. उत्पादकाला हा दंड आणि आम्हाला अजामीनपात्र, हा कसला न्याय?

यवतमाळहून

मी शेतमजुरांमध्ये काम करते. इथली सगळी चर्चा असली चांगलं आणि नकली वाईट असं धरून चाललीय, आणि मला तेच मान्य नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, माणूस औषधाच्या ढगातून चालत होता, अंगात साधा सदरा आणि तोंडाला रुमाल. दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळलेली. त्यात भेसळीचा संशय होता, चौकशीही झाली, पण लाल त्रिकोणाची, म्हणजे सगळ्यात जहाल वर्गातली, मोनोक्रोटोफॉससारखी औषधं तेव्हा रीतसर परवान्यानं दुकानात मिळत होती. लेबलावर विषाची खूण होती आणि आतही विषच होतं. मजुराला काय उपयोग झाला त्या खरेपणाचा?

बनावटीविरुद्धच्या मोहिमा कंपन्यांच्या पैशानं निघतात आणि 'आमचाच माल घ्या' इथे संपतात. कमी विष, मजुराला हातमोजे-मास्क, गावात डॉक्टर, हे त्यात कधी नसतं. पैसा आणि माणसं मोजकी असतील तर ती आधी इकडे लावा.

औषधविक्रेता, नागपूर

ताईंच्या मुद्द्याला माझ्या धंद्यातून जोड देतो आणि थोडा विरोधही करतो. २०२२ मध्ये गांबियात लहान मुलं दगावली. भारतातून गेलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आढळल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनं दिला. तो माल नकली लेबलाचा नव्हता, परवाना असलेल्या कारखान्याच्या नावाचाच होता. म्हणजे खरं लेबल म्हणजे खरं औषध, असं नाही.

पण आमच्याच जिल्ह्यातलं प्रकरण बघा. शासकीय रुग्णालयांना पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नव्हतं, टॅल्कम पावडर आणि स्टार्च होतं. पोलिस तपासात हा माल पशुऔषधांच्या प्रयोगशाळेत तयार झाल्याचं पुढे आलं. या गोळ्या कुणी खाल्ल्या? खासगी दवाखाना ज्याला परवडत नाही त्यानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं. म्हणून 'गरिबाला स्वस्त मिळतंय, तर मिळू द्या' हे कुणी म्हणू नये. स्वस्त हवं असेल तर जेनेरिक आहे. जेनेरिक म्हणजे नक्कल नव्हे, हे मला काउंटरवर रोज सांगावं लागतं. आणि निफाडकरांनी किडीचं जे सांगितलं तेच जंतूंचं होतं. अर्ध्या ताकदीची गोळी जंतूला मारत नाही, शिकवते.

ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन करणारं गिऱ्हाईक मला क्वचित दिसतं.

गॅरेज, भोसरी

आमच्याकडे तिसरंच. लोकल पार्ट आणि डुप्लिकेट पार्ट वेगळे. लोकल बनवणारा स्वतःचं नाव टाकतो, रिक्षावाल्याला परवडतो, गाडी आणखी काही वर्षं चालते, भंगारात जात नाही. त्याला पकडू नका. कंपनीचा छाप मारलेल्या खोक्यात कच्चे ब्रेक लायनर भरणाऱ्याला पकडा. पण धाड पडते तेव्हा दोघांचंही शटर खाली येतं.

देवगडहून

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत विकला जातोच. पोलिसात जाऊन आमचं काही हललं नाही. २०२५ च्या हंगामात आमच्या आंबा उत्पादक संस्थेनं प्रत्येक फळावर कोडचा स्टिकर आणला. कोडचा एक भाग वर, दुसरा स्टिकरखाली, त्यामुळे स्टिकर काढल्याशिवाय पूर्ण कोड कळत नाही. बागायतदाराला त्याच्या झाडांच्या हिशेबानं स्टिकर मिळतात. ज्याचा माल आहे त्यानंच एकत्र येऊन राखला तर राहतो, असा आमचा अनुभव. कायद्याची वाट बघत बसलो असतो तर अजून बसलेलोच असतो.

कपाशीवाला, अकोट

देवगडकर, हे पटलं. पण तुमच्याकडे संस्था आहे आणि फळाला भाव आहे. कोरडवाहू कपाशीला स्टिकरचा खर्च कोण देईल?

निफाडचा बागायतदार

ताई, असली विषही कमी झालं पाहिजे यात माझं तुमच्याशी भांडण नाहीच. पण विष कमी करायचा रस्ता ट्रायकोडर्मासारख्या मित्रबुरशी आणि निंबोळी यांवरूनच जातो, आणि भेसळ तिथेच सगळ्यात जास्त खुपते. एकदा फसलेला शेतकरी 'जैविक सगळं थोतांड' म्हणतो आणि लाल त्रिकोणाकडे परत जातो. माझ्या गावात असे बरेच आहेत. मजुराच्या अंगावर मग तेच उडतं. म्हणून हे आधी की ते आधी, असं मला मानता येत नाही.

अजामीनपात्रचा आग्रह दुकानदारांपुरता मागे घ्यायला तयार आहे, पण ज्यानं पक्कं बिल दिलंय त्याच्याचपुरता. बिलावर लॉट नंबर असेल तर तपास कारखान्यापर्यंत जाऊ शकतो. नसेल तर तो दुकानातच थांबणार.

आणखी एक. भेसळवाल्यांना बाटल्या आपणच पुरवतो. कंपनीची रिकामी बाटली भंगारवाला घेतो, ती धुऊन, भरून, सील मारून परत येते. तीन वेळा खळबळून, ते पाणी पंपातच ओतून, बाटलीला भोक पाडा, हे लेबलावरच लिहिलेलं असतं. बांधावर किती जण पाडतात?

कृषी सेवा केंद्र, परभणी

पक्क्या बिलाची अट मला मान्य आहे. उधारीवरही देईन, लॉट नंबरसकट.

पण भोक पाडलेल्या बाटल्या जाणार कुठे? भंगारवाला त्या घेत नाही, घंटागाडी गावात येत नाही, लोक बांधावर जाळतात आणि तो धूर आपल्याच नाकात जातो. जप्त केलेल्या औषधांचंही तेच, प्रकरण मिटेपर्यंत खोकी गोदामात गळत राहतात. घातक कचऱ्याचे प्रकल्प तळोजा, रांजणगाव, बुटीबोरीला. परभणीहून तिथवर न्यायचं कुणी? बाटली मी परत घेतो, अनामतही ठेवतो, पण माल द्यायला येणारा कंपनीचा ट्रक रिकामा परत जातो, त्यात त्या घालून न्यायची सक्ती कंपनीवर करा. याला निफाडकरांचा पाठिंबा आहे का, ते सांगा.

यवतमाळहून

माझा आहे. फक्त त्या बाटल्या गोळा करायचं काम बायांच्या गळ्यात हातमोज्यांशिवाय पडू देऊ नका.