अपिलात रद्द होणारे लाल कार्ड व्हीएआरला का दिसत नाही?

मध्यरेषा (पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार. इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेत व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहून मैदानावरील पंचाला मदत करणारा पंच, २०१९-२० च्या हंगामापासून आहे. पंचांच्या चुका होणारच, हे मला मान्य आहे. धावता धावता, एकाच कोनातून आणि एकदाच पाहून निर्णय देणाऱ्या माणसावर माझा राग नाही. माझा प्रश्न पडद्यासमोर बसलेल्या दुसऱ्या पंचाविषयी आहे, कारण त्याच्या हाताशी अनेक कॅमेरे असतात आणि वेळही असतो.

२९ सप्टेंबर २०२४ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर टॉटनहॅमविरुद्ध खेळताना मँचेस्टर युनायटेडचा ब्रुनो फर्नांडिस घसरला, त्याचा पाय जेम्स मॅडिसनला लागला आणि त्याला थेट लाल कार्ड मिळाले. व्हीएआरने तो निर्णय कायम ठेवला. युनायटेडने सामना ०-३ असा गमावला आणि दोन दिवसांनी अपिलात तेच कार्ड रद्द झाले. २५ जानेवारी २०२५ रोजी वुल्व्हजविरुद्ध आर्सेनलच्या अठरा वर्षांच्या माइल्स लुईस-स्केलीला प्रतिहल्ला रोखताना पाय लावल्याबद्दल थेट लाल कार्ड दाखवण्यात आले. तेही व्हीएआरने तपासून कायम ठेवले आणि तेही अपिलात रद्द झाले. त्या दिवशी आर्सेनल १-० ने जिंकला म्हणून ओरड थोडी कमी झाली, एवढेच.

‘स्पष्ट आणि उघड चूक’ असेल तरच व्हीएआरने हस्तक्षेप करायचा, हा नियम मला ठाऊक आहे. पण तीच चित्रफीत पाहून अपील ऐकणाऱ्या आयोगाला काही दिवसांत जी चूक मान्य होते, ती सामना चालू असताना पडद्यासमोरच्या पंचाला उघड का वाटत नाही? नियमांची जाण असलेल्या कोणी हे समजावून सांगितले, तर मी आभारी राहीन.

शिट्टी (मडगाव)

मी गोव्यात स्थानिक सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

त्या सामन्यांच्या वेळी व्हीएआरला चारच बाबतींत बोलता येत होते: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दाखवलेले कार्ड. या चारांतही त्याने ‘मी मैदानावर असतो तर काय दिले असते’ असा विचार करायचा नसतो. मैदानावरील पंचाचा निर्णय टिकूच शकत नाही इतका चुकीचा आहे का, एवढेच पाहायचे असते. पंच आपल्याला काय दिसले ते बोलून सांगतो आणि चित्रफीत त्या वर्णनाशी साधारण जुळत असेल, तर व्हीएआर बाजूला होतो. २०२४-२५ च्या हंगामापासून तर प्रीमियर लीगने मैदानावरील निर्णयाला अधिक मान देण्याचे धोरण उघडपणे जाहीर केले होते. फर्नांडिसच्या प्रसंगात पाय उंचावलेला होता आणि तो लागलाही होता, म्हणजे पंचाच्या वर्णनाला चित्रफितीत काहीतरी आधार सापडला. टक्कर किती जोराची होती आणि त्यातून प्रतिस्पर्ध्याला धोका होता का, हा प्रश्न मात्र मोजमापाचा नसून मताचा आहे आणि निकष तिथेच डळमळतो.

तुमचा आक्षेप तरीही उरतो आणि तो मला योग्य वाटतो. अपिलातसुद्धा ‘पंचाचे थोडे चुकले’ एवढे म्हणून भागत नाही; उघड चूक दाखवून द्यावी लागते. कसोटी जवळपास एकच असताना निष्कर्ष उलटे निघत असतील, तर व्हीएआरने आपला उंबरठा प्रमाणाबाहेर उंच ठेवला, असेच म्हणावे लागेल. माझ्या मते यामागे एक मानवी कारणही आहे. आज पडद्यासमोर बसलेला पंच अनेकदा पुढच्या आठवड्यात मैदानावर असतो आणि त्याचे निर्णय त्याचाच एखादा सहकारी तपासत असतो. अशा व्यवस्थेत सहकाऱ्याला मोडता घालताना हात आखडतो. त्यासाठी कोणी अप्रामाणिक असण्याची गरज नाही.

पेठकर (कोल्हापूर)

वरचे विवेचन पटले, तरीही या चर्चेतून ‘व्हीएआरच नको’ असा सूर निघू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ११ जून २०२४ ची दोह्यातील रात्र आठवा. विश्वचषक पात्रता फेरीत कतारविरुद्ध छांगतेच्या गोलमुळे भारत १-० ने पुढे होता आणि जिंकला असता तर तिसऱ्या फेरीत पोहोचला असता. चेंडू गोलखांबाशेजारून पूर्णपणे रेषेबाहेर गेला, आपले खेळाडू थांबले, कतारच्या खेळाडूने तो आत ओढला आणि युसुफ आयमनने जाळ्यात मारला. गोल दिला गेला. त्या फेरीत व्हीएआर नव्हते. शेवटी १-२ असा पराभव झाला, भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार केली आणि निकाल आहे तसाच राहिला. चेंडू रेषेबाहेर होता की नाही, यात मताचा प्रश्नच येत नाही. एकदा चित्रफीत पाहिली असती तरी पुरेसे होते. इंग्लंडमधील प्रेक्षक विसंगतीबद्दल चिडतात ते रास्तच आहे, पण ज्यांना दाद मागायला जागाच नाही अशांचे दुःख मला त्याहून मोठे वाटते.

उत्तर बाजू (लेस्टर)

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि स्टेडियममध्ये बसून सामने पाहतो. निर्णय चुकला याच्याइतकेच, तो कसा घेतला गेला हे कळत नाही, याचेही मला वाईट वाटते. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल ऑफसाइड (पास दिला जाताना बचावपटूंच्या पुढे असल्याचा दोष) म्हणून नाकारला गेला. तो ऑफसाइड नव्हता आणि व्हीएआरलाही ते दिसले होते. परंतु मैदानावर गोल दिलेला आहे अशा समजुतीने त्याने ‘तपासणी पूर्ण’ असे कळवून टाकले. चूक ध्यानात येईपर्यंत खेळ पुन्हा सुरू झाला होता आणि त्यानंतर नियमानुसार मागे जाता येत नव्हते. ध्वनिमुद्रण काही दिवसांनी प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे आम्हाला हे समजले. ते संभाषण त्या क्षणी मैदानात ऐकू आले असते, तर हजारो लोकांच्या लक्षात ही गफलत आली असती.

आपण क्रिकेट पाहणारी माणसे आहोत. तिसरा पंच काय तपासतो आहे हे आपण घरी बसून ऐकतो. चेंडू यष्टीला जेमतेम लागत असेल तर मैदानावरील पंचाचा निर्णय कायम राहतो आणि ती मर्यादा नियमात आखलेली असून पडद्यावर दिसते. म्हणून निकाल विरुद्ध गेला तरी आपण तो गिळतो. फुटबॉलमधील ‘उघड चूक’ अशी कुठेच आखलेली नाही. २०२५-२६ पासून प्रीमियर लीगमध्ये पंच व्हीएआरचा अंतिम निर्णय ध्वनिक्षेपकावरून सांगतात, ही चांगली सुरुवात आहे. पण निर्णयापर्यंत नेणारे संभाषण अजूनही बंदच आहे.

मध्यरेषा (पुणे)

सर्वांचे आभार. एक उपप्रश्न विचारतो: पडद्यासमोर बसणाऱ्या पंचांचा वेगळाच गट केला, म्हणजे ते मैदानावर कधीच उतरणार नाहीत, तर सहकाऱ्याचा संकोच जाईल का?

शिट्टी (मडगाव)

बऱ्याच अंशी जाईल, असे मला वाटते. मात्र मैदानाची सवय तुटलेला माणूस संथगती चित्रणावर जास्त विसंबतो, आणि संथगतीत साधी टक्करही भीषण दिसते, हा धोका आहेच. पेठकरांच्या मुद्द्यासाठी मला फिफाचा दुसरा प्रयोग अधिक आशादायक वाटतो. २०२४ मध्ये कोलंबियातील वीस वर्षांखालील महिलांच्या विश्वचषकात प्रशिक्षकांना प्रत्येक सामन्यात दोनदा फेरतपासणी मागण्याची मुभा होती आणि मागणी योग्य ठरली तर ती संधी शाबूत राहत असे. चित्रफीत मैदानावरील पंच स्वतःच पाहतो, त्यामुळे वेगळा व्हीएआर कक्ष लागत नाही आणि कॅमेरेही थोडे पुरतात. आपल्याकडील स्पर्धांना परवडेल असे काही असेल, तर ते हेच आहे.