मदत हवी: प्रोग्राम काढून परत टाकला, तरी तीच डीएलएलची एरर

नमस्कार मंडळी,

सावद्याला काकांच्या केळीच्या पेढीवर हिशेब मी बघतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मशीन फॉरमॅट करून विंडोज ११ टाकून घेतलं. तेव्हापासून बिलिंगचा प्रोग्राम उघडत नाही. आयकॉनवर क्लिक केलं की 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडली नाही, प्रोग्राम परत इन्स्टॉल करा' असा डबा येतो. डीएलएल म्हणजे प्रोग्रामला चालायला लागणारी एक फाइल, एवढंच मला ठाऊक. केला परत इन्स्टॉल. नवी आवृत्तीही टाकून पाहिली. डबा काही हलत नाही.

मग दुकानवाल्याने कुठल्याशा साइटवरून ती डीएलएल उतरवून प्रोग्रामच्याच फोल्डरात टाकली. आता एरर बदलली: ०एक्ससी०००००७बी. प्रगती म्हणायची का ही?

कटाई जोरात चालू आहे. काट्याच्या पावत्या वहीत चिकटवतोय, आणि कोणत्या शेतकऱ्याची किती उचल बाकी आहे ते काका तोंडपाठ सांगतात. जुना डाटा पेन ड्राइव्हवर आहे. दुकानवाला परत फॉरमॅट करू म्हणतो. करू का?

प्रतिसाद

फॉरमॅट अजिबात नको, भाऊ. ही डीएलएल तुमच्या प्रोग्रामची नाहीच, मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल' पॅकेजची आहे. जुन्या विंडोजवर ते दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरबरोबर आलं असणार, फॉरमॅटमध्ये गेलं. तुमच्या सेटअपमध्ये ते नसेल तर प्रोग्राम कितीदाही टाका, फरक पडणार नाही.

दुसरी एरर बहुधा ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ. प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स (एक्स८६)' मध्ये बसला असेल तर तो ३२ बिटचा, आणि दुकानवाल्याने ६४ बिटची फाइल टाकलेली दिसते. विंडोज आधी प्रोग्रामच्या फोल्डरात शोधतं, म्हणून ती फाइल पहिल्यांदा काढून टाका, नाहीतर खरं पॅकेज टाकूनही हीच उचलली जाईल. मग मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही पॅकेजेस टाका. विंडोज ६४ बिटचं असलं तरी एक्स८६ वगळू नका, लोक तिथेच अडकतात. मशीन रीस्टार्ट करा. आणि अनोळखी साइटवरच्या सुट्या डीएलएल पेढीच्या मशीनवर घेऊ नका, व्हायरस स्कॅनही करून घ्या.

पेन ड्राइव्हवरचा डाटा सरळ चढवू नका. आधी त्याची आणखी एक कॉपी काढा. नव्या आवृत्तीत जुना डाटा उघडला की काही प्रोग्राम त्याची रचनाच बदलतात, मग तो जुन्या आवृत्तीत चालत नाही.

धागाकर्ता

झालं! एक्स८६ वालंच राहिलं होतं. डाटाही आला, उचल काकांच्या आकड्यांशी जुळली, एक खातं सोडून. त्यावर काका म्हणतात कॉम्प्युटर चुकला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बिल अर्धंच छापतोय, त्याचा वेगळा धागा काढतो.