मदत हवी आहे: उद्योग केंद्रात जाऊन खरंच काही होतं का? (अर्जंट)

चटणीवाली: मंडळी पटकन सांगा. सबसिडीवालं लोन हवंय, मशीनच्या कोटेशनची मुदत महिनाअखेरीला संपते. बँकेतले म्हणतात आधी जिल्हा उद्योग केंद्रात (छोट्या उद्योगांचं सरकारी ऑफिस) जाऊन या, आणि एक एजंट म्हणतो प्रोजेक्ट रिपोर्टपासून सगळं मी बघतो, पंधरा हजार द्या. मिस्टर म्हणतात देऊन टाक. केंद्रात जाऊन कुणाला फायदा झालाय की नुसत्या चकरा?

नाना_फटकळ: धंदा कसला, गाव कुठलं, नवा की चालू, लोन किती? काहीच न सांगता अर्जंट!

बिनधास्त_बंडू: पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मितीची लोन योजना, टाका डोळे झाकून. ग्रामीण भागात महिलेला ३५ टक्के सबसिडी, स्वतःचे फक्त ५ टक्के घालायचे. फॉर्म ऑनलाइन आहे, फुकट.

जुना_व्यापारी: लोनच घेऊ नका. भिशी लावा. ही जिल्हा उद्योग केंद्रं १९७८ पासून आहेत, आमच्याकडे साहेब अजून जागेवर सापडायचेत.

चटणीवाली: अहो आयडीवरून कळत नाही का 😀 कांदा-लसूण चटणी, गडहिंग्लजजवळ. घरीच करते, आता ऑर्डरी आवरत नाहीत. कांडप मशीन, पॅकिंग, शेड धरून आठेक लाख. छोट्या उद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी काढलीय.

नाना_फटकळ: म्हणजे धंदा चालू आहे! बंडूशेठ, पीएमईजीपीचं पहिलं लोन नव्या युनिटलाच असतं.

बिनधास्त_बंडू: आमच्या मेव्हण्याला मिळालं की.

नाना_फटकळ: त्याचं युनिट नवं असणार, विचारा त्याला. ताई, तुम्ही पीएमएफएमई बघा, ती सबसिडी योजना खाद्यपदार्थाच्या छोट्या उद्योगांसाठीच आहे, चालू युनिटलाही ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. ते कृषी खात्याकडे असतं, म्हणून तालुका कृषी कार्यालयात जाऊन सध्या अर्ज घेतायत का ते आधी विचारा. तिथे जिल्हा संसाधन व्यक्ती म्हणून माणूस नेमलेला असतो, तो रिपोर्ट करून देतो, फूड लायसन्सचं बघतो, बँकेतही पाठपुरावा करतो. लोन मंजूर झालं की त्याचं मानधन सरकार देतं, तुम्ही एक रुपया द्यायचा नाही. फक्त सबसिडी हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेतच राहते.

मिरज_मेल: एक्स्पोर्टचा कोड काढून ठेवा, ५०० रुपयांत होतो. दुबईत चटणीला मागणी आहे.

जुना_व्यापारी: तिला शेजारच्या तालुक्याच्या ऑर्डरी आवरेनात आणि हे निघाले दुबईला. चटणी संकेश्वरी मिरचीची ना? हल्ली लोक रंगासाठी नुसती ब्याडगी मिरची कुटतात.

मिरज_मेल: दोन्ही लागतात हो. नुसत्या संकेश्वरीला रंग कुठे येतो.

शेवयावाली_मावशी: मिरची नंतर कुटा, बाई अडलीय तिकडे. मी एजंटाचा रिपोर्ट घेऊन केंद्रात गेले होते. साहेबांनी बघून विचारलं, वर्षाचा गहू सीझनला भरता ना, मग खेळतं भांडवल एकाच महिन्याचं कसं? एजंटानं दुसऱ्याचा रिपोर्ट नाव बदलून दिलेला. तसंच बँकेत गेलं असतं तर मशीन आलं असतं आणि माल भरायला सावकार गाठावा लागला असता. सबसिडीपेक्षा मला त्या अर्ध्या तासाचा उपयोग झाला. तुझी मिरचीही सीझनलाच भरायची असणार, ते आधी धर. आणि बँकेनं तारण मागितलं तर सांग, एवढ्या छोट्या लोनला मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

चटणीवाली: मिरचीचं धरलंच नव्हतं, थँक्यू मावशी. सोमवारी कृषी कार्यालयात जाते. पण एजंटाला नाही कसं म्हणू, आधार-पॅनच्या झेरॉक्स त्याच्याकडेच आहेत.

नाना_फटकळ: हे आत्ता सांगताय! कोऱ्या कागदावर सही वगैरे नाही ना दिली?