प्रश्नपेटीतली चिठ्ठी (अनुभव धागा)

कोरीपाटी
आज कपाट आवरताना जुन्या डायरीतून एक चिठ्ठी पडली. वस्तीतल्या मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग घ्यायचे तेव्हाची. शेवटी प्रश्नपेटी फिरवायची, म्हणजे बुटाचं खोकं, वर फट. नियम एकच: प्रत्येकीने चिठ्ठी टाकायचीच, प्रश्न नसेल तर कोरी. म्हणजे कोणी लिहिलं ते कळत नाही. पहिला महिना सगळ्या कोऱ्याच निघाल्या. मग पाळी, घरची मारहाण, ‘तो रोज मागे येतो’. आणि ही: ‘ताई तुमी पन जानार का’. प्रकल्पाची मुदत संपत आली होती. पेटीतल्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली, हिला नाही. लिहा तुमचंही, शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी दोघांनीही.

उलटीसुई
मी सतरंजीवर बसणारी. ‘नाही’ म्हणायचा सराव होता, जोड्या करून. डोळ्यांत बघायचं, आवाज चढवायचा नाही, कारणं देत बसायचं नाही. पहिला प्रयोग घरी आईवर, भांडी घासायच्या वेळी. पुढचं लिहीत नाही 😂

झोपमोड
@उलटीसुई 😂 आईवर ते चालत नाही हे कुठल्याच ताईने सांगितलं नाही

अर्धीवही
पाळीवर बोलायला बाहेरून बाई आल्या, चक्र २८ दिवसांचं म्हणाल्या आणि गेल्या. माझं कधी ३५, कधी ४०. कितीतरी महिने मनात धास्ती. शेवटी आमच्या नेहमीच्या ताईला विचारलं. ती म्हणाली, अगं सुरुवातीच्या वर्षांत २१ ते ४५ दिवस चालतं, कॅलेंडरवर टिंब काढत जा, तीन महिने आलीच नाही तर मात्र दवाखाना. टिंब अजून काढते. कुकरची शिट्टी झाली, येते

रातकिडा
जागतिक आरोग्य संघटनेची ती दहा कौशल्यं आमच्या पोरी घडाघडा म्हणायच्या. निर्णय घेणे, समस्या सोडवणे, समानुभूती... पाहुणे आले की जास्तच जोरात. आणि बँकेची स्लिप पुढे ठेवली की खातेदाराच्या जागी वडिलांचं नाव! तक्ता काढून ठेवला आणि महिनाभर फक्त फॉर्म भरले. एकीला सहीच नव्हती. पाठकोऱ्या कागदावर दुपारभर गिरवून तिने एक सही ‘पक्की’ केली, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. मग सगळ्यांनाच शेपूट हवं.

झोपमोड
माझी सही अजून दर वेळी वेगळी येते. बँकवाले वैतागतात. कोणी तरी शिकवा

पाणचक्की
मी मार्गदर्शक ताई होते, नवी नवी. ‘तुझं स्वप्न काय?’ हा ठरलेला प्रश्न. नर्स, पोलीस, शिक्षिका अशी उत्तरं येत होती, मी भराभर लिहून घेत होते. एक म्हणाली, ‘आतून कडी लागेल असं न्हाणीघर.’ बाकीच्या हसल्या नाहीत. दोघीतिघींनी माना डोलावल्या. मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही, म्हणून मी परत समजावून सांगितला 🤦‍♀️ तिने मग निमूटपणे ‘शिक्षिका’ सांगितलं. अहवालात तेच गेलं.

रातकिडा
@पाणचक्की 😔

उंबरठा
कोरीपाटी, वाईट वाटेल पण लिहिते. २००२ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, मुलं आणि मार्गदर्शकांच्या जोड्यांचा. नातं वर्षभर किंवा जास्त टिकलं तिथे फायदा दिसला, तीन महिन्यांत तुटलं तिथे मुलांचा आत्मविश्वास उलट घटला. त्यामुळे कमी मुदतीचा प्रकल्प आला की मी आधी विचारते, नंतर कोण येणार? बहुतेक वेळा कोणी नसतंच.

उलटीसुई
आमची ताई सांगून गेली होती. शेवटचे चार आठवडे दर वेळी मोजायची, आता तीन उरले, आता दोन. राग यायचा. पण खोटं बोलली नाही. पुढे गट आम्हीच दोघीतिघींनी चालवला, कडेवर भावंडं घेऊन, जमेल तसा.

झोपमोड
@उलटीसुई प्रश्नपेटी होती का तुमच्यात?

उलटीसुई
पत्र्याचा डबा. वाजायचा फार

कोरीपाटी
चार आठवडे आधी. मी शेवटच्या दिवशी सांगितलं, तेही खाऊ वाटून झाल्यावर.