लष्कर गेलं, मतदान आलं, पण पैशाची वाटणी बदलली का?

नौपाडाकर

लोकलमध्ये, तलावपाळीच्या बाकांवर, लग्नाच्या पंगतीत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "पाच वर्षं मिलिटरीच्या ताब्यात द्या देश, सगळे सुतासारखे सरळ येतील." ते म्हणणाऱ्यांशी मी भरपूर भांडले आहे, आज तो विषय नाही. आज मला आपल्याच बाजूच्या भाबडेपणाबद्दल बोलायचं आहे. सैन्य बराकीत परतलं आणि निवडणुका सुरू झाल्या की गरिबाला आपोआप न्याय मिळायला लागतो, असं आपल्यातले पुष्कळजण धरून चालतात. तसं होत नाही. जाणारे सेनाधिकारी कायद्यात काय बांधून ठेवतात आणि ते सोडवायची ताकद नव्या सरकारकडे किती असते, यावर पुढच्या दोन पिढ्यांचं भवितव्य ठरतं.

चिली घ्या. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्करप्रमुख पिनोशेने राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं. ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के लोकांनी पिनोशेला नाकारलं, मार्च १९९० मध्ये एल्विन राष्ट्राध्यक्ष झाले. पण पिनोशे १९९८ पर्यंत लष्करप्रमुखपदावर राहिला आणि १९८० ची त्याचीच राज्यघटना चालू राहिली. निवडणुकीची पद्धत तर नीट बघा. प्रत्येक मतदारसंघात दोन जागा. दोन्ही जिंकायच्या तर पहिल्या आघाडीला दुसरीच्या दुप्पट मतं हवीत, नाहीतर एक तुम्हाला, एक त्यांना. म्हणजे एक तृतीयांशाहून थोडी जास्त मतं घेणारी आघाडी निम्म्या जागांवर बसणार. ही पद्धत जायला २०१५ साल उजाडलं.

आणि पेन्शन! १९८१ पासून कामगाराच्या पगारातले १० टक्के खासगी कंपन्यांच्या फंडात जायला लागले. सैन्याने आणि पोलिसांनी मात्र स्वतःला त्यातून वगळून जुनी सरकारी पेन्शन ठेवली. ज्यांनी योजना देशावर लादली त्यांना ती स्वतःच्या म्हातारपणासाठी नको होती. याहून मोठा पुरावा कुठला हवा?

घोडबंदर रोड

ताई, मांडणी चांगली आहे, निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

१९९० मध्ये चिलीत जवळजवळ ४० टक्के लोक गरीब होते. २०१७ पर्यंत तो आकडा १० टक्क्यांच्या आत आला. हे त्याच 'बांधून ठेवलेल्या' चौकटीत घडलं. लॅटिन अमेरिकेत असं उदाहरण दुसरं दाखवा. शेजारच्या अर्जेंटिनाने लष्करशहांवर १९८५ मध्ये खटला चालवला, त्यांना तुरुंगात टाकलं, नैतिकदृष्ट्या सगळं योग्य केलं. पण १९८९ मध्ये तिथली महागाई ३,००० टक्क्यांच्या वर गेली. ब्राझीलमध्ये लष्कर १९८५ ला गेलं आणि १९९३ मध्ये महागाई २,००० टक्क्यांपलीकडे होती. अशी महागाई श्रीमंताला झळ लावत नाही, तो डॉलर घेऊन ठेवतो. रोजंदारीवाल्याच्या पगाराची किंमत मात्र दिवसागणिक घटते. मी बाजाराशी संबंधित नोकरी करतो म्हणून नव्हे, पण चलन सांभाळणं हे गरिबाच्या बाजूचं काम आहे, हे मान्य केल्याशिवाय विषमतेवर बोलण्यात अर्थ नाही.

विषमता कमी झाली नाही म्हणून लोकशाही अपुरी, हा निकषच मला चुकीचा वाटतो. पोटाला मिळतंय का, ते आधी बघा.

नौपाडाकर

@घोडबंदर रोड, चलनाचा मुद्दा मी नाकारत नाही. पण दोन गोष्टी तुम्ही गाळल्यात.

अर्जेंटिनाचं परदेशी कर्ज १९७६ मध्ये लष्कर आलं तेव्हा ८ अब्ज डॉलरच्या आसपास होतं, १९८३ मध्ये लष्कर गेलं तेव्हा ४५ अब्जांच्या घरात. नव्याने निवडून आलेल्या आल्फोन्सिन सरकारच्या गळ्यात ते आयतं पडलं. महागाईचं खापर लोकशाहीवर फोडताना उधारी कुणी केली ते सांगायला नको का?

दुसरं, चिलीची चौकट तीच राहिली नव्हती. एल्विन यांनी १९९० मध्येच विरोधकांशी बोलणी करून कंपन्यांवरचा कर १० वरून १५ टक्के आणि मूल्यवर्धित कर १६ वरून १८ टक्के केला, आणि तो पैसा सामाजिक खर्चाला लावला. गरिबी उतरली त्यात वाढीचा वाटा मोठाच, पण या कराचाही आहे. माझी तक्रार एवढीच की त्याच्या पुढे त्यांना सरकता आलं नाही.

ऐरोलीकर

दक्षिण कोरियाशिवाय हा धागा अपुरा राहील. कामानिमित्त तिकडच्या लोकांशी रोजचा संबंध येतो, त्यामुळे थोडं वाचलं आहे.

"लष्करी राजवटीत कोरिया पुढे गेला, शिवाय विषमता फार नव्हती" हे लष्करशहा पार्क चुंग-हींच्या नावावर जमा करतात. पण त्यांचं बंड मे १९६१ चं. जमिनीचं फेरवाटप त्याआधीच, १९५० पासून झालं होतं. जमीनदार वर्ग मोडला होता, कूळ मालक झालं होतं. पार्कना सपाट जमिनीवर घर बांधायला मिळालं, ब्राझीलच्या सेनापतींना तसं मिळालं नाही आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. जून १९८७ मध्ये रस्त्यावरच्या आंदोलनापुढे पार्कनंतरच्या लष्करी राजवटीने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक कबूल केली. लगेच जुलै ते सप्टेंबरमध्ये ३,००० हून जास्त संप झाले. जहाजबांधणी, मोटार कारखाने, खाणी, सगळीकडे. नव्या युनियन उभ्या राहिल्या, पगार झपाट्याने वाढले, १९८८ मध्ये किमान वेतन लागू झालं, १९८९ मध्ये आरोग्यविमा सगळ्या देशाला मिळाला. हा विमा १९७७ मध्ये पार्क यांनीच सुरू केला होता, पण ५०० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कंपन्यांपुरता. छोट्या दुकानात राबणाऱ्याला आणि शेतकऱ्याला तो मिळायला लोकशाही यावी लागली.

आता कडू भाग. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर कंत्राटी कामगार वाढले, मोठ्या उद्योगघराण्यांचं वजन कायम राहिलं. तिथे ६५ च्या पुढच्या माणसांमधलं दारिद्र्य ४० टक्क्यांच्या आसपास आहे, श्रीमंत देशांत सगळ्यात वाईटपैकी. ज्या पिढीने देश उभा केला तीच आज रद्दी गोळा करते आहे. म्हणून ताईंना आणि घोडबंदरसाहेबांना, दोघांनाही माझं अर्धंच अनुमोदन.

घणसोली गाव

एवढ्या लांब जायची गरज नाही. आमच्याकडे लष्कर नव्हतं, लोकशाहीच होती, तरी १९७० पासून नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडीची मासेमारी आटली. मतदान आम्ही दर वेळी केलं. मतदानाने भाव वाढला नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उतरले, गोळीबारात पाच माणसं गेली, तेव्हा पुढे कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. आजही आमच्याकडे हुतात्म्यांना दरवर्षी मानवंदना असते.

म्हणून ऐरोलीकर म्हणतात ते मला पटलं. मतदान म्हणजे मागणी करायची मोकळीक. मिळतं ते संघटनेतून.

घोडबंदर रोड

@घणसोली गाव, दादा, तुमच्या लढ्याबद्दल आदर आहे. पण एक विचारतो, राग मानू नका. साडेबारा टक्क्यांतले कित्येक भूखंड पुढे बिल्डरांकडे गेले ना? म्हणजे संघटनेने मिळवलं तरी टिकवायला शिक्षण, भांडवल, व्यवहाराची माहिती लागते. ती वाढीतून येते.

आणि ताई, चिलीच्या लोकांना संधी मिळालीच होती. २०१९ मध्ये मेट्रोचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं म्हणून देश पेटला, "३० पेसो नव्हे, ३० वर्षं" अशी घोषणा झाली, २०२० मध्ये ७८ टक्के लोकांनी नवी घटना मागितली. मग ४ सप्टेंबर २०२२ ला त्या नव्या घटनेचा मसुदा ६२ टक्क्यांनी फेटाळला. पिनोशेने हात धरला नव्हता तेव्हा.

नौपाडाकर

२०२३ च्या डिसेंबरात उजव्यांनी लिहिलेला मसुदाही लोकांनी फेटाळला, तेही लिहा. दोन्ही मसुदे नकोत म्हणजे जुनं हवं, असा अर्थ मी काढणार नाही.

पेन्शनपुरतंच बोलू. पगारातले १० टक्के म्हाताऱ्यांना पुरत नाहीत हे उघड झाल्यावर २००८ मध्ये बाशेलेट सरकारने गरिबांसाठी सरकारी पैशातून किमान पेन्शन आणली. कामगाराच्या बचतीत मालकाने भर घालायचा कायदा मात्र संसदेत मंजूर झाला जानेवारी २०२५ मध्ये, तोही टप्प्याटप्प्याने लागू होणारा. १९९० मध्ये पंचविशीत असलेला माणूस आता साठीला आला. त्याच्या कामाची सगळी वर्षं जुन्या नियमात गेली. तुम्ही म्हणता पोटाला मिळतंय का बघा, तर मी या माणसाकडे बघते आहे.

वाशी सेक्टर नऊ

लष्कर 'गेलं' असं आपण सगळे गृहीत धरतोय. पाकिस्तानात फौजी फाउंडेशन खत आणि सिमेंट विकतं, झिया असोत, मुशर्रफ असोत की निवडून आलेलं सरकार. म्यानमारमध्ये २००८ च्या घटनेने सैन्याला संसदेत २५ टक्के जागा दिल्या आणि घटना बदलायला ७५ टक्क्यांहून जास्त मतांची अट घातली. सू ची निवडून आल्या, पण कंपन्या आणि कुलूप दोन्ही सैन्याकडे. १ फेब्रुवारी २०२१ ला सैन्याने सत्ता परत घेतली. अशा ठिकाणी वाटणीचा प्रश्न संसदेत येऊच शकत नाही, मग वाढ आधी की वाटप आधी हा वाद कोण घालणार?

घणसोली गाव

@घोडबंदर रोड, राग नाही. भूखंड गेले हे खरं आहे, माझ्या भावकीत गेले. पण त्याचं कारण अडाणीपणा एवढंच नाही. ताबा मिळायला इतकी वर्षं लागली की मधल्या काळात पोरीचं लग्न, आजारपण, कर्ज आलं आणि कागद हातात येण्याआधीच सही झाली. उशिरा दिलेलं अर्धं तिथेच संपतं. चिलीच्या त्या माणसाचं ताई सांगतायत ते हेच आहे.

आणि वाढीतून शहाणपण येतं म्हणता, तर आमच्याच जमिनीवर वाढ झाली की. पामबीच रोडला जाऊन बघा. ती आमच्या घरात यायची वाट कुणी काढून दिली नाही, ती आम्हाला भांडून काढावी लागली, आणि भांडता आलं कारण सभा घेता येत होती.