एक्स्टर्नल हार्ड डिस्क कोणती घेऊ? रविवारच्या आत हवी आहे

दुर्वा : डी ड्राइव्ह भरून पट्टी लाल झाली आहे. त्यात आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग आणि लग्नाचे व्हिडिओ आहेत, सगळं मिळून 500 जीबी. दुकानदाराने 2 टीबीची दाखवली, पण "तुमच्या कॉम्प्युटरला चालेल का ते बघून या" म्हणाला. ते कसं बघायचं? रविवारी भाऊ येतोय, त्यालाही त्यातून द्यायचंय. लवकर सांगा.

रानवाट : डेस्कटॉप की लॅपटॉप? विंडोज कितवं? यूएसबी पोर्ट आतून निळे की काळे?

बोरकूट : सरळ एसएसडी घ्या, म्हणजे आत फिरती तबकडी नसलेली डिस्क. माझी हार्ड डिस्क टेबलावरून पडली, दहा वर्षांचे फोटो गेले.

दुर्वा : एसएसडीचं बजेट नाही. डेस्कटॉप, विंडोज 10. पुढचे पोर्ट काळे. मागचे दिसत नाहीत, टेबल भिंतीला टेकलंय.

रानवाट : काळे म्हणजे बहुधा यूएसबी 2.0. नवी डिस्क त्यावरही चालेल, पण 500 जीबीला चार-पाच तास धरा. टेबल सरकवून मागे निळे, म्हणजे बहुधा वेगवान यूएसबी 3.0, आहेत का बघा. डिस्क 2.5 इंची घ्या. 3.5 इंचीला विजेचा वेगळा अडॅप्टर लावावा लागतो.

माळरान : गूगल ड्राइव्हवर टाका की, डिस्क हवी कशाला?

बोरकूट : फुकट 15 जीबी मिळतात. त्या 500 म्हणतायत.

दुर्वा : मागे दोन निळे आहेत! मग घेऊ ना? भावाच्या मॅकबुकला लागेल ना?

रानवाट : अहो, मॅकचं आधी सांगायचंत! बऱ्याच डिस्क एनटीएफएस फॉरमॅटमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइल साठवायच्या पद्धतीत येतात. मॅक त्यातलं वाचतो, पण त्यावर काही लिहू देत नाही. आणल्या आणल्या, रिकामी असतानाच एक्सफॅट करून घ्या, तो फॉरमॅट विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो. नंतर केलंत तर भरलेलं सगळं पुसलं जाईल. भावाच्या मॅकबुकला नुसते टाइप सी पोर्ट असतील तर कन्व्हर्टरही लागेल.

माळरान : फॅट32 करा, सगळीकडे चालतं.

रानवाट : फॅट32 मध्ये 4 जीबीची फाइलसुद्धा मावत नाही. लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठा निघाला तर तिथेच अडेल. कृपा करून हा सल्ला देऊ नका.

पाणकळा : माझ्या टीव्हीला पेनड्राइव्ह दिसत नाही, तेही यामुळेच का?

बोरकूट : कुठल्या फॉरमॅटचा आहे? बरेच टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत.

दुर्वा : आणली. पुढच्या पोर्टला लावली तर आतून टिक टिक आवाज येतोय आणि दिसतच नाही. खराब निघाली का? दुकान आठला बंद होतं!

रानवाट : आधी मागच्या निळ्याला लावा, डिस्कसोबत आलेल्याच केबलने. पुढच्या पोर्टला वीज कमी पडली की असं होतं. तिथेही टिकटिक राहिली तर मात्र आजच बदलून आणा.

दुर्वा : मागे लगेच दिसली, आवाजही थांबला. एक्सफॅट केली. पण 2 टीबीची म्हणून घेतली आणि 1.81 दाखवतेय?

रानवाट : बरोबर आहे. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. आणि कॉपी झाली तरी कॉम्प्युटरवरच्या ओव्या पुसू नका. भावाकडे एक प्रत पोहोचू द्या.

दुर्वा : ओव्यांचा फोल्डर आधी लावलाय. 22 मिनिटं दाखवतंय.