नवरा-बायको दोघंही जर्मनीत मास्टर्सला: पैशांचं कसं जमवायचं?

रानवारा

आमचं लग्न गेल्या वर्षी झालं. मला जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालाय, ऑक्टोबरपासून. नवऱ्याचंही त्याच शहरात होईल असं दिसतंय. मूलबाळ नाही, दोघांचं वय पंचविशीच्या आसपास, त्यामुळे शिकायचं तर आत्ताच असं दोघांनाही वाटतं. पण ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच टाकून ठेवायच्या बँक खात्याला, माणशी ११,९०४ युरो लागतात. दोघांचे २३,८०८. एकाचेच बारा लाखांच्या घरात जातात. सासरे घर तारण ठेवून कर्ज काढायला तयार आहेत, पण त्यांची निवृत्ती तोंडावर आलीय आणि माझं मन अजिबात घेत नाही. दोघं एकाच घरात राहिलो तरी खर्च दुप्पट होतो का? जोडीने शिकलेलं कोणी आहे का इथे?

निळीशाई

आम्ही दोघं तिथेच शिकलो, म्हणून सविस्तर लिहिते.

सासऱ्यांचं घर राहू द्या. तुम्ही दोघं "दोन विद्यार्थी" म्हणून हिशोब मांडताय, म्हणून आकडा अंगावर येतोय. दोघांनीही विद्यार्थी व्हिसा घेतला तर दोन ब्लॉक्ड अकाउंट लागणारच, त्यात सवलत नाही. पण दुसरा रस्ता आहे. तुम्ही विद्यार्थी म्हणून जा आणि नवऱ्याने जोडीदाराच्या व्हिसावर यायचं. तुमचं लग्न व्हिसा मिळण्याआधीचं आहे आणि शिक्षण वर्षाहून जास्त चालणार आहे, या दोन्ही गोष्टी तिथल्या कायद्यात तुमच्या बाजूच्या आहेत. त्याच्या उदरनिर्वाहाची सोय दाखवावी लागते, ती सुटत नाही, आणि दोघांना पुरेल एवढी जागाही लागते. पण जोडीदार म्हणून तिथे राहायचा जो परवाना मिळतो, त्यावर त्याला कामाच्या दिवसांची मर्यादा नसते. विद्यार्थी परवान्यावर मात्र वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवसच काम करता येतं.

आता खरी गंमत. जोडीदाराच्या परवान्यावर असलेल्या माणसाला विद्यापीठात नाव घालायला बंदी नाही. माझ्या नवऱ्याने आधी नोकरी केली, भाषा शिकला आणि मग त्याच परवान्यावर मास्टर्स सुरू केलं. एक सांगते, विद्यापीठात नाव घातल्यावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम गेलं की सामाजिक विम्याची विद्यार्थी-सवलत जाते. म्हणजे परवाना आडवा येत नाही, पण पगारातून कापलं जास्त जातं. हे दोन नियम लोक कायम एकात एक मिसळतात.

खर्चाचं म्हणाल तर दुप्पट अजिबात होत नाही. सेमिस्टर फी माणशी, जेवण माणशी. भाडं मात्र एकच. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचं काम बघणारी श्टुडिरेंडनवेर्क नावाची संस्था असते, बऱ्याच शहरांत तिच्याकडे जोडप्यांसाठी छोटे फ्लॅट असतात. रांग मोठी असते, म्हणून प्रवेशाचं पत्र हातात आलं त्याच दिवशी अर्ज टाका. विवाह नोंदणीचा दाखला जर्मन भाषांतरासकट जवळ ठेवा, तो पदोपदी मागतात.

आरोग्य विम्यात सगळ्यात मोठी बचत होते. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी क्रांकनकासेत, म्हणजे आरोग्य विमा संस्थेत, विद्यार्थी दराने विमा मिळतो. जोडीदाराची कमाई नसेल, किंवा मिनीजॉबच्या, म्हणजे कमी पगाराच्या छोट्या नोकरीच्या, मर्यादेत असेल, तर तो त्याच हप्त्यात कुटुंब विम्याखाली येतो, वेगळा पैसा लागत नाही. तो स्वतः विद्यार्थी असला तरीही. कमाई मर्यादेच्या वर गेली की मात्र त्याचा स्वतःचा विमा. विद्यापीठातल्या ओळखीच्यांनी आम्हाला "दोघांना दोन हप्ते" असंच सांगितलं होतं. मी क्रांकनकासेला लेखी विचारलं, त्यांनी फॉर्म पाठवला, काम झालं. तोंडी विचारू नका.

आणि रेडिओ-टीव्हीची वर्गणी. पत्त्याची नोंदणी केली की काही आठवड्यांनी दोघांच्या नावाने दोन वेगळी पाकिटं येतात, दोन्हीत महिना १८.३६ युरोची मागणी. घाबरून दोघांनी भरू नका. ती घरामागे एक असते. एकाने भरायचं आणि दुसऱ्याने पहिल्याचा वर्गणीदार क्रमांक घालून कळवायचं.

नवऱ्याला आजच जर्मनच्या वर्गात बसवा. जोडीदाराच्या व्हिसाला साधारणपणे ए-१ चं, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीचं, प्रमाणपत्र लागतं. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात परीक्षेच्या जागा पटापट भरतात.

कट्टेकरी

वरचं सगळं पटलं. भर एवढीच की कोणत्या राज्यातलं विद्यापीठ आहे ते बघा. बाडेन-व्यूर्टेमबेर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो शुल्क आहे, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून त्याहून बरंच जास्त लावलंय. दोघं शिकणार असाल तर हे मात्र खरोखर दुप्पट होतं.

कोणी "त्यापेक्षा इंग्लंड बघा" म्हणेल, तर जानेवारी २०२४ पासून तिथे नेहमीच्या मास्टर्सला जोडीदार नेता येत नाही, संशोधनाच्या अभ्यासक्रमांना येतो. अमेरिकेत एफ-२ वर, म्हणजे विद्यार्थ्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर, जोडीदाराला नोकरी करता येत नाही. जोडप्यांसाठी जर्मनीच बरी.

खतावणी

मी करसल्लागाराकडे काम करतो, म्हणून कर्जाबद्दल. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकरातली वजावट स्वतःच्या, जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जावर मिळते, आठ वर्षांपर्यंत आणि जुन्या करप्रणालीतच. सासऱ्यांनी सुनेसाठी काढलेल्या कर्जावर त्यांना ती मिळत नाही. शिवाय घर तारण ठेवून काढलेलं साधं कर्ज आणि शैक्षणिक कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शैक्षणिक कर्जात शिक्षण संपेपर्यंत आणि वर काही महिने हप्त्याला सवड असते. साध्या तारण कर्जाचा हप्ता लगेच सुरू होतो, आणि निवृत्तीच्या तोंडावर तोच माणसाला मारतो. कर्ज तुमच्या नावाने, एकाच शिक्षणापुरतं काढा.

ओसरी

मला वेगळंच सांगायचंय. "एकाने आधी शिकायचं, दुसऱ्याने नंतर" यात नंतरचा माणूस मागेच राहिलेला मी मैत्रिणींच्या घरी पाहिलाय, आणि तो बहुतेक वेळा बायको असते. इथे नवरा थांबतोय, छान आहे. तरी त्याचं सत्र कोणतं ते निघायच्या आधी ठरवा आणि त्याचे सेमिस्टरचे पैसे पहिल्या महिन्यापासून बाजूला टाका. त्याचा परवाना तुमच्या परवान्यावर टेकलेला असतो, तुमचं शिक्षण अडलं तर त्याचंही अडतं, हेही दोघांनी बोलून घ्या.

रानवारा

सगळ्यांचे खूप आभार. विम्याचं आणि परवान्याचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. काल रात्री नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं, तो म्हणाला, "मग मी पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरचं धरतो." सासऱ्यांना घराचं नको म्हणून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण सासूबाईंचा चेहरा बघून कळलं की त्यांच्याही मनात तेच होतं. निळीशाई, एकच विचारते, दोघांनी एकत्रच विमानात बसावं की मी आधी जाऊन घर बघावं?

निळीशाई

तुम्ही आधी जा. भाडेकरार आणि घरमालकाचं राहत्या जागेचं पत्र हातात आलं की त्याच्या अर्जातली जागेची अट तिथेच पुरी होते. आणि श्टुडिरेंडनवेर्कच्या अर्जात दोघांची नावं आत्ताच घाला. नंतर नाव वाढवायला गेलात तर पुन्हा रांगेत.